उंबऱ्यावरची राखण

आईने एकाही घरावर छप्पर ठेवू दिलं नाही. मी राजवाडा रचला, तिने वरची ओळ उचकटून डब्यात टाकली. धर्मशाळा रचली, तिचंही तेच. शेवटी मीच बिनछपराची घरं रचू लागलो. ग्रंथातली सगळी नगरं, महाल, झोपड्या माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत उघड्याबोडक्या उभ्या होत्या. वसतिगृहातल्या पोरी बघायला यायच्या आणि विचारायच्या, "काका, ह्यांना पाऊस लागत न्हाई का?"

मी म्हणायचो, "पावसानं माणूस मरत न्हाई."

लहान पोरं एकमेकांत बसवून घर, गाडी करतात ते प्लास्टिकचे ठोकळे. त्या ठोकळ्यांनी मी आईसाठी ग्रंथ रचला. का रचला, आणि त्यातला एक कोपरा मी अजून मोडला का नाही, ते सांगतो.

मी लातुरात शिकवण्यांच्या गल्लीत दुकान चालवतो. बादल्या, मग, गाद्या, कुलुपं, कपडे वाळवायची दोरी. बाहेरगावचं पोरगं अकरावीला शहरात आलं की त्याला पहिल्या दिवशी जे लागतं ते सगळं. बाप घासाघीस करतो, आई डोळे पुसते, पोरगं खाली बघतं. मी भाव सोडत नाही. माझी सुरुवात अहमदपूरच्या बस स्टँडवर झाली. गळ्यात पाटी, पाटीत शिट्ट्या, फुगे, प्लास्टिकची विमानं. एसटीच्या खिडकीतून भाव करायचा आणि गाडी हलायच्या आत सौदा पटवायचा, हे मला तिथे आलं. कुणी शिकवलं नाही. मी ज्या माणसाबद्दल सांगणार आहे तो भाषणात म्हणतो की शिकल्याशिवाय माणूस उभा राहत नाही. मी उभा आहे. त्याच्या समोरच उभा आहे, रस्ता ओलांडला की.

आमचं गाव औशाच्या पलीकडे होतं. त्याच नावाचं गाव आज दुसऱ्या जागी आहे, सरळ रस्त्यांचं, एकसारख्या घरांचं. ते माझं नाही. जुन्या गावात आमच्या वस्तीचा विहार होता, दगडमातीचा, वर माळवदाचा जाड थर. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी तिथे बुद्धांच्या चरित्राचा ग्रंथ वाचला जायचा. ग्रंथ सगळ्या घरांनी मिळून आणलेला. उंदीर, वाळवी, गळकं माळवद यांच्यापासून तो सांभाळायला रोज एका घरातल्या माणसाने रात्री विहारात झोपायचं अशी रीत होती. तिला राखण म्हणायचे. संध्याकाळचं वाचन संपलं की नव्या राखणीचा माणूस आपली वाकळ घेऊन उंबऱ्यावर उभा राहायचा आणि जुन्याला म्हणायचा, "राखण माझी. तुम्ही घरला जा." हा शब्द मिळाल्याशिवाय जुन्याची सुटका नाही. दिवसा कडी लावून तो कामाला गेला तरी राखण त्याचीच. आणि ज्याने शब्द दिला त्याने ती रात्र तिथेच काढायची. अंगात ताप असो की घरात लग्न.

वाचायला गुरुजी होते. वस्तीतून पहिले बीएस्सी झालेले. लातुरात दोन भाड्याच्या खोल्यांत त्यांनी शिकवणी सुरू केली होती. दिवसभर तिकडे, संध्याकाळी वाचनाला गावात. आवाज चांगला. माझी आई निरक्षर, पण गुरुजींनी एकदा वाचलेलं ती दुसऱ्या दिवशी शेतात बायकांना जसंच्या तसं सांगायची.

त्या दिवशी गावात गणपती बुडवायचे होते, आणि विहारात राखण गुरुजींची होती. वाचन एका बाईच्या गोष्टीपर्यंत आलं होतं. तिचं लेकरू मेलेलं असतं आणि ते कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते. बुद्ध तिला सांगतात, ज्या घरात कधी कुणी मेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण. बाई निघते. इथे गुरुजींनी घड्याळ बघितलं, ग्रंथाला फडकं गुंडाळलं आणि म्हणाले, "पुढचं उद्या." ते लातूरची शेवटची गाडी धरायला निघून गेले. त्यांच्या जागी माझा बाप वाकळ घेऊन उंबऱ्यावर उभा राहिला. नववीतली माझी बहीणही त्याच्याबरोबर गेली. तिला कंदिलाच्या उजेडात पुढचं वाचायचं होतं.

पहाटे भूकंप झाला.

मी अहमदपूरला स्टँडच्या बाकावर झोपलो होतो. बाक हलला तेव्हा मला वाटलं, पोलिसाने लाथ मारली. मालट्रकच्या टपावर बसून गावात पोचलो तेव्हा गल्ल्या कुठल्या आणि घरं कुठली ते कळत नव्हतं. आईला दुपारी काढलं. तुळई आडवी पडून ती वाचली होती, पण तोंड, नाक, कान मातीने गच्च भरले होते. कान पुढे कधी सुधारले नाहीत. विहारातून बाप आणि बहीण निघाले. बापाचा हात तिच्या डोक्यावर होता. ग्रंथ कोनाड्यात धड होता. त्यावर कुणाचं लक्ष गेलं नाही आणि नंतरच्या पावसात त्याचा लगदा झाला. लाकडं ओली होती. एकेका सरणावर किती जण होते ते मी मोजलं नाही, आणि कुणी सांगायला लागलं की मी उठून जातो.

आई बोलायला लागली तेव्हा पहिलं वाक्य हे होतं, "त्यांना सोडवायला कोण गेलतं?"

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पण ती शुद्धीत होती. त्या दोघांना दुसऱ्या संध्याकाळी सुटकेचा शब्द मिळाला नव्हता. पुढची राखण ज्या घराची होती त्या घरात दिवा लावायलाही कुणी उरलं नव्हतं. मी पुण्यानुमोदनाचा, मेलेल्यांच्या नावाने करायच्या विधीचा, विषय काढला की ती तोंड फिरवायची.

"राखणीवर हायत दोघं. राखणीवरल्या माणसाचं पुण्यानुमोदन करतेत का कुठं?"

"आई, विहारच न्हाई राहिला."

मी काय बोललो ते तिला ऐकू गेलं नाही. गेलं असतं तरी तिने तेच सांगितलं असतं.

वर्षं गेली. लातूर शिकवण्यांचं गाव झालं. जिथे ज्वारीची आडत होती तिथे वसतिगृहं उठली, जिथे गोठा होता तिथे खानावळ. गुरुजींच्या दोन खोल्यांची काचेची इमारत झाली, तिच्यावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, माणसाहून मोठे. गुरुजींचे 'सर' झाले. मी समोर दुकान टाकलं. जागा बघताना दलालाने विचारलं, "इथंच का पायजे?" मी म्हणालो, गिऱ्हाईक इथं हाय. ते खरंच होतं. पण सकाळी शटर वर केलं की ती इमारत डोळ्यांसमोर यावी, हेही मला हवं होतं. माझा राग शिळा होऊ नये म्हणून.

आई मागच्या खोलीत राहायची. वर पत्रा. सिमेंटच्या छताखाली तिला झोप यायची नाही.

ठोकळे नांदेडला मिळाले. स्टेशनाजवळ एक म्हातारा व्यापारी हैदराबादहून फुटक्या पेट्यांचा माल आणून किलोवर विकायचा. मी पोत्यात हात घातला.

"ह्याच्यात पुरा सेट एक तरी हाय का?"

"सेट नक्को पूछो, भाई. पूरा तो अपना घर बी नै."

"मंग कचऱ्याच्या भावानं द्या."

"कचरा बोलके भाव गिराते, और हात तो पोते में से निकालते नै!"

बराच वेळ भांडून दोन्ही पोती घेतली. वाटलं होतं, लहान भावंडांना घेऊन येणाऱ्या आयांना पाव-पाव किलोच्या पिशव्या करून विकू. रंग वेगळे करायला आई बसली. संध्याकाळी बघतो तर तिने जमिनीवर आमचा विहार रचला होता. चारी भिंती, दार, उंबरा. वर काही नाही. उंबऱ्यावर दोन ठोकळे उभे होते, एक लांब तांबडा, एक छोटा पांढरा. पांढऱ्याकडे बघून मला बहिणीच्या वेण्यांच्या रिबिनी आठवल्या.

आईने माझ्याकडे बघितलं. "पुढं काय झालं त्या बाईचं? मिळाली का मोहरी?"

इतकी वर्षं तिला गोष्टीचा शेवट माहीत नव्हता. ग्रंथ तर कुठेही मिळतो, मी नवा आणला. पण बहिऱ्या माणसाला वाचून कसा दाखवणार? पुस्तकातली चित्रं दाखवली. तिने बोट फिरवून पुस्तक बाजूला केलं. "कागदावरचं माणूस मला उमगत न्हाई. आजूबाजूला काय हाय ते दिसत न्हाई."

मग मी ठोकळ्यांत गाव रचलं. दोन ओळी घरांच्या, मधे गल्ली, गल्लीत एक बाई, तिच्या कडेला एक बारका ठोकळा. पहिल्या घरापुढे पिवळ्या टिकल्यांची मूठभर मोहरी. आईने पहिल्या घराचं छप्पर काढलं, आत बघितलं आणि मान हलवली. दुसऱ्याचं काढलं. तिसऱ्यापाशी तिने आमच्या शेजाऱ्याच्या सुनेचं नाव घेतलं. मग माझ्या लक्षात आलं, ती गोष्टीतलं गाव बघत नव्हती. ती आमची गल्ली चालत होती. प्रत्येक घरापाशी नाव, मग मान हलवणं. शेवटच्या घरापर्यंत गेली आणि त्या बाईला उचलून तिने आपल्या मांडीवर ठेवलं.

"न्हाई मिळणार तिला," आई म्हणाली. "पुढचं दाखव."

तो वर्षावास असा गेला. दुकान बंद केलं की मी ग्रंथाचं एक प्रकरण अडखळत वाचायचो आणि सकाळी त्याचा देखावा रचून ठेवायचो. पिसाळलेला हत्ती शांत उभा. बोटांची माळ घालणारा दरोडेखोर. नदीच्या पाण्यावरून भांडणारी दोन गावं. हा देखावा चांगला जमला, भांडण मला कळतं. बुद्धांची जागा मात्र मी मोकळी ठेवली. पोत्यात जी माणसं निघाली ती सगळी पिवळ्या तोंडाची, हसरी, कुणाच्या डोक्यावर पोलिसाची टोपी. त्यांच्यातला एक बुद्ध म्हणून बसवायला हात धजेना. फक्त एक पांढरी चौकट ठेवली. तरी लातुरातल्या आमच्या वस्तीच्या विहार समितीचे एक जण येऊन म्हणालेच, "शेठ, ग्रंथाचा खेळ मांडला तुम्ही. उद्या फुग्यावर त्रिशरण लिहाल."

मी म्हणालो, "माझ्या आईला ऐकू येईल असं तुम्ही वाचा, मी आत्ता सगळं पोत्यात भरतो."

ते गेले. मी त्यांना पुढे चारचौघांत काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

पोरींकडून बातमी समोर गेली. गुरुजींनी बोलावलं. थंडगार केबिन, टेबलावर काच, काचेखाली निकालाच्या कात्रणांची रांग.

"जयभीम शेठ. बादल्या महाग केल्या म्हणे? पालक माझ्याकडं तक्रार करतेत."

"जयभीम गुरुजी. तुमची फी ऐकून आल्यावर त्यांना बादली महाग वाटती."

ते हसले. मग म्हणाले, "तुझं ते काम ऐकलं. सगळं आमच्या हॉलमध्ये मांडू, काचेत. आपल्या लेकरांना बघू दे. काय घेशील?"

मी इतकी वर्षं त्या प्रश्नाची वाट बघत होतो. "एक रात्र," मी म्हणालो. "वर्षावासाच्या समाप्तीच्या संध्याकाळी या. आईसमोर राखण घ्या, शब्द द्या, रात्र काढा. सगळे देखावे फुकट. त्या दिवशी राखण तुमची होती."

त्यांनी चष्मा काढला. "होती. पण मी कुणाच्या गळ्यात मारली न्हाई. तुझा बाप स्वतः आला होता माझ्याकडं. म्हणाला, तुमची गाडी चुकती ना, तुमची राखण मी करतो, पोरीला लातूरला न्या अन् शिकवा. सौदा त्याचा होता. मी हो म्हणालो. दिवाळीनंतर नेणार होतो तिला."

मी टेबलावर हात आपटला. काचेला तडा गेला. "मेलेल्या माणसाच्या नावावर खपवू नका!"

"आईला विचार," ते म्हणाले.

आईला विचारायचं म्हणजे खुणेने. मी बहिणीच्या दोन वेण्या दाखवल्या, बापाच्या मिशा दाखवल्या, मग रस्त्यापलीकडे बोट केलं. तिला लगेच कळलं.

"हाव. मी तिथंच बसले होते, भाकरी थापत होते. त्यो म्हणला, आपली पोरगी गुरुजीवानी शिकंल."

मी ओरडलो, मला का नाही सांगितलं. तोंड बघून तिला समजलं असावं.

"तुला सांगून? डोकं फोडलं असतंस त्याचं. मंग त्यांना सोडवायला कोण गेलं असतं? राखण त्याची होती, सोडवायचं त्यालाच."

त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. बापाचा सौदा मी उलटसुलट करून बघितला. वाईट नव्हता. मीही केला असता. एका रात्रीच्या झोपेच्या बदल्यात पोरीचं शिक्षण, याहून चांगला भाव आमच्या घराला कुणी दिला नव्हता. पण माझ्या धंद्यात सौदा दोन्ही बाजूंनी पुरा होतो तेव्हाच त्याला सौदा म्हणतात. बापाने आपली बाजू पुरी केली होती.

समाप्तीच्या संध्याकाळी गुरुजी आले. बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचा शेवटचा देखावा तयार होता. दोन झाडं, त्यांच्यामध्ये आडवी मोकळी चौकट, भोवती माणसं. ती सगळी हसरीच होती, म्हणून मी त्यांना पाठमोरं बसवलं होतं. बाजूला आईचा विहार. पातेल्यात समाप्तीची खीर होती. गावातल्या त्या संध्याकाळनंतर आईने खिरीला तोंड लावलेलं नव्हतं. आज खाईन म्हणाली होती.

गुरुजींनी चपला काढल्या. खाली बसता येईना, गुडघे गेलेले. मी हात दिला नाही, आईने दिला. ते ठोकळ्यांच्या उंबऱ्यासमोर बसले, हात जोडले आणि नीट, सावकाश, पूर्वी वाचायचे त्या आवाजात म्हणाले, "राखण माझी. तुम्ही घरला जा."

आई त्यांच्या ओठांकडे बघत होती. तिने उंबऱ्यावरचा तांबडा ठोकळा उचलला, मग पांढरा. पुसले. पदराच्या टोकाला बांधले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघू शकलो नाही, पत्र्याकडे बघत राहिलो. मग तिने कोपऱ्यात धुऊन ठेवलेली वाकळ आणली आणि गुरुजींच्या शेजारी अंथरली.

गुरुजी वाकळीवर बसले. त्यांच्या खिशातला फोन वाजला. बंद केला. परत वाजला. बाहेर रस्त्यावर त्यांची गाडी सुरूच होती, तो आवाज मला येत होता, आईला नाही. त्यांनी मला हळूच म्हटलं, "आज पालकांची मीटिंग हाय रे. बाहेरगावहून आलेत लोक. शब्द तर दिला ना मी?"

"रात्र," मी म्हणालो.

"अरे, ठोकळे हायत हे."

"मंग शब्द कुणाला दिला तुम्ही?"

ते उठले. आईच्या पायांना हात लावला, "मावशी, मन मोठं करा," म्हणाले. आईला वाटलं, ते लघवीला चालले असतील. तिने त्यांच्यासाठी खिरीची वाटी झाकून ठेवली. दुकानातून ते बाहेर पडले, गाडीचं दार लागलं, समोरच्या इमारतीत सगळे दिवे लखलखत होते. आई वाकळीकडे बघत बसली. खीर थंड होऊन तिच्यावर साय धरली. तेव्हा कुठे तिने पदराची गाठ सोडली आणि दोन्ही ठोकळे उंबऱ्यावर होते तिथे परत उभे केले. खिरीचं पातेलं मी गल्लीतल्या पोरांना दिलं.

पुढचा वर्षावास लागायच्या आधी आई गेली. शेवटी शेवटी ती कुणाला ओळखत नव्हती, पण खोलीत कुणी शिरलं की विचारायची, "वाकळ आणली का?"

वस्तीतली माणसं पुण्यानुमोदनाची तारीख विचारायला आली. मी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. बाकीचे देखावे मी मोडले, पिशव्या भरून विकून टाकले. विहार ठेवला आहे. उंबऱ्यावर आता तीन ठोकळे आहेत.

गुरुजींचा माणूस अजून येतो. हॉल तयार आहे म्हणतो, निदान तेवढा विहार तरी द्या, सर म्हणतात काय हवं ते घ्या. मी माझा भाव सांगतो, पहिल्यांदा सांगितला होता तोच. इतका स्वस्त भाव मी आजवर कुणाला दिला नाही. तो खाली मान घालून परत जातो आणि थोड्या दिवसांनी आणखी मोठा आकडा घेऊन येतो.